पाठमोरी

कापूस फुटला की आमच्या शिवारात आता मोटारी येतात. पूर्वी या दिवसांत व्यापारी यायचा, काटा घेऊन. आता गळ्यात कॅमेरे लटकवलेली पोरं येतात. परवा राणीसावरगावच्या रस्त्यानं एक पांढरी मोटार धूळ उडवत आली, बांधाला लागली आणि तिच्यातून तिघं उतरले. पायात स्वच्छ बूट, डोळ्यावर काळे चष्मे. रामराम नाही की पाण्याचं विचारणं नाही. थेट म्हणाले, बाबा, त्या फोटोतलं शेत हेच का. मी म्हणालो, फोटोतलं शेत फोटोत असतंय, हे माझं हाय. त्यांना ते गमतीचं वाटलं. आता माझाच फोटो काढतील या भीतीनं मी तोंड फिरवलं, तर एकानं तेवढ्यात माझ्या पाठीचा काढलाच.

मग ते बायांकडं गेले. चार-पाच जणी कमरेला ओट्या बांधून वेचत होत्या. पोरांनी त्यांना सांगायला सुरुवात केली, मावशी तोंड तिकडं करा, पाठ इकडं, मान थोडी खाली. त्यात रुक्मीण होती. आमच्या भावकीतली सून, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "आरं, पाठच पाहिजे व्हती तर आधी सांगायचं की. उगंच सकाळी तोंड धुवून आले मी."

बाया हसल्या. पोरं हसली नाहीत. ती दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून आभाळ मोजत होती.

ही पीडा माझ्याच पोरानं लावून ठेवलेली आहे. बालाजी त्याचं नाव. तो फोटो काढतो. लग्नाचे नाही, बारशाचे नाही, कोणाला नोकरीच्या अर्जाला लागतात तसले तर नाहीच नाही. तो कलेचे फोटो काढतो. कलेचा फोटो म्हणजे काय हे त्यानं मला कितीदा तरी समजावलं. मला समजलं ते इतकंच, की ज्याच्यात माणूस ओळखू येत नाही तो कलेचा.

तरी हे दिवस वाईट नसतात. दिवाळी होऊन गेलेली असते. सकाळी घोंगडी पांघरून बांधावर उभं राहिलं की पऱ्हाटीवर दव असतं आणि फुटलेली बोंडं ओल्या कोकरासारखी अंग चोरून बसलेली असतात. उन्हं वर येतात तसं एकेक बोंड फुगतं, मोकळं होतं. बाजूला तुरीला पिवळा फुलोरा धरलेला. दुपारी सगळं रान इतकं पांढरं होतं की डोळे बारीक करून बघावं लागतं. वरून दिसायला मऊ, पण हात घाला. बोंडाच्या वाळलेल्या नख्या सुईसारख्या असतात. वेचणीच्या दिवसांत आमच्या घरातल्या बायांची बोटं चिरलेली असायची. भाकरी कालवणात बुडवली की तिखट त्या चिरांत जायचं. बालाजीची माय तोंडानं कधी हाय म्हणाली नाही. बोट चोखायची आणि पुढचा घास घ्यायची.

घरात कापूस आला की पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची. त्या खोलीला एक गरम वास असायचा, उन्हात वाळवलेल्या गोधडीचा असतो तसा. लेकरं वरून उड्या मारायची आणि मग खाजवत बसायची. कापूस विकेपर्यंत सगळ्या घराला खाज. पाहुणे आले तरी खाजवतच रामराम. बालाजीची माय म्हणायची, आवो, लक्ष्मी हाय, जरा चावणारच.

मला आठवते ती एकच वेचणी. बाकीच्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या. ती वेगळी राहिली, कारण त्या साली बालाजी दिवाळीला आला आणि परत कामावर गेलाच नाही. आधी तो गंगाखेडच्या एका स्टुडिओत होता. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. मान होता. पंगतीत फोटोवाल्याला आधी वाढायचे, नवरदेव त्याच्याकडं बघून हसायचा, मास्तर लोक त्याला बालाजीराव म्हणायचे. एवढं सगळं सोडून तो कॅमेरा घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, "दादा, मला तोंडांचा कंटाळा आलाय. लग्नात सगळी तोंडं एकसारखीच दिसतेत."

मी म्हणालो, "मग तेराव्याला जात जा. तिथं येगळी दिसतेत."

त्याची माय पदराआडून हसली. तिला काय, पोरगं घरी आलं याचाच आनंद. काय करतंय, का करतंय हे तिनं विचारलं नाही. मी विचारलं. तो म्हणाला, उजेडाची वाट बघायलोय. रोज सकाळी जाऊन काकरीत पालथा पडायचा, कॅमेरा डोळ्याला लावून. बाया त्याला ओलांडून जायच्या. दुपारी उठून म्हणायचा, आज उजेड बरोबर न्हाई. सूर्य जसा काय ह्याच्या बापाचा चाकर. ह्याचा बाप मी, आणि माझं तर बैलसुद्धा ऐकत नव्हते.

शेजारपाजारचे विचारायचे, पोरगं आजारी हाय का. मी म्हणायचो, व्हय, डोक्यानं. पोरगं कामाशिवाय आडवं पडलेलं बघणं ही आमच्याकडं बापाची बेइज्जती असते. पडायचंच होतं तर घरात पड म्हणलं. चारचौघींसमोर, भर वेचणीत, पिकल्या कापसाच्या मधोमध पालथा पडून काय दाखवायचं आहे. पण त्याच्या मायचं आणि त्याचं काहीतरी जमलं होतं. तिचा तास, म्हणजे वेचायची ओळ, पुढं चालायची आणि हा मागून सरपटायचा. मी पाण्याची घागर घेऊन गेलो की दोघं गप्प व्हायचे. काय बोलता विचारलं की ती म्हणायची, काई न्हाई, पोरगं उजेड बघायलंय.

त्याच वेचणीतला तो फोटो. संध्याकाळ आहे. पऱ्हाटीचे तास लांब आभाळापर्यंत गेलेले. मधे ती, पाठमोरी, एक हात बाजूच्या बोंडाकडं गेलेला. डोक्यावरचा पदर घसरून मानेवर आलेला. चोळीला पाठीवर ठिगळ. बाकी सगळं पांढरं आणि तीच काळी, कारण फोटोत रंगच नाही. रंगाचा कॅमेरा असताना रंग काढून टाकायचे, ही आणखी एक हुशारी. तिचं लुगडं त्या दिवशी जांभळं होतं. मला पक्कं आठवतं. फोटोत ते राखेसारखं दिसतं.

वेचणी उरकली तसा तो पुण्याला गेला. पुढं काही वर्षं काय चाललंय ते तो सांगायचा नाही, आम्ही विचारायचो नाही. कोणाच्या तरी खोलीत राहायचा, मेसचं खायचा, फोटोंची पिशवी खांद्याला लावून दारोदार हिंडायचा. बघणारे बघायचे, चांगलं आहे म्हणायचे, पुन्हा या म्हणायचे. हे पुन्हा या मला चांगलं माहीत आहे. तालुक्याच्या कचेरीत आयुष्यभर तेच ऐकलं. फरक एवढाच की तिथं आपल्याला हाकललंय हे कळतं, आणि पुण्याच्या लोकांनी चहा पाजून हाकललेलं कळायला पोराला दिवस लागले.

मोबाईलवरही टाकायचा. गावाकडं आला की दाखवायचा, दादा, बघा किती लोकांनी बघितलं. मी म्हणालो, बघितलं म्हणजे काय, अंगठा सरकवला. बसस्टँडवर उभा राहिलो तर मलाही दिवसभरात तेवढेच लोक बघतील. त्याला राग यायचा. मग मायकडं जाऊन बसायचा. ती मोबाईल हातात घेऊन मनापासून बघायची. आपलीच पाठ बघत बसायची बराच वेळ, आणि म्हणायची, ठिगळ सरळ लागलंय बरं का.

शेवटी एक बाई भेटली. फोटो टांगायचा मोठा हॉल तिच्याकडं आहे म्हणे. तिनं त्याला रस्त्याला लावलं. सगळं दाखवत बसू नको म्हणाली, एकच विषय धर, कापूस तर कापूस, वर्षानुवर्षं तोच दाखव, म्हणजे लोक म्हणतील कापूसवाला तो हाच. आणि एका फोटोच्या मोजक्याच प्रती काढ. तेवढ्या संपल्या की बंद, कोणी पायावर डोकं ठेवलं तरी नाही. हे ऐकून मला आमचे बियाणाचे दुकानदार आठवले. गोदाम भरलेलं असताना माल नाही म्हणतात, मग शेतकरी सकाळपासून रांग लावतो. शिकल्या लोकांत त्याला काहीतरी चांगलं नाव असेल. पण चाललं. बालाजीचं नाव झालं. कागदाच्या खालच्या कडेला तो शिसपेन्सिलीनं सही करायला लागला. शाळेत ह्याच पोराला सही नीट जमायची नाही म्हणून मास्तर हातावर छडी मारायचे.

मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यानं आम्हा दोघांना पुण्याला नेलं. तिनं नवं हिरवं लुगडं नेसलं. हॉल म्हणजे सगळा पांढरा, थंडगार, दवाखान्यासारखा, आणि लोक दवाखान्यातल्यासारखेच हळू बोलत होते. चहा मागितला तर बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. एक माणूस फोटो हलवत होता, त्याच्या हातात पांढरे सुती मोजे. मी विचारलं हे कशाला. म्हणे, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. मी त्या मोज्यांकडं बघत राहिलो. ज्या बाईच्या बोटांतून कापूस निघाला तिची बोटं चिरलेली, आणि तिच्या फोटोला हात लावायला ह्यांना कापसाचे मोजे. मोजे घालून एकदा माझ्या रानात या म्हणावंसं वाटलं. बालाजीनं डोळ्यांनी गप्प बसवलं.

तो पाठमोरा फोटो सगळ्यात मोठा, एकटा एका भिंतीवर. त्याच्यापुढं शेंडी बांधलेला एक माणूस उभा होता. शेंडी म्हणजे धार्मिक नाही, शौकाची. तो चार लोकांना सांगत होता की ही चेहरा नाकारलेली स्त्री आहे, श्रमाला चेहरा नसतो, ह्या कलावंतानं जाणूनबुजून तिचा चेहरा आपल्यापासून काढून घेतला आहे. लोक मान वाकडी करून ऐकत होते. आणि तो चेहरा तिथंच होता, माझ्या शेजारी, तोंडाला पदर लावून उभा. एकानंही वळून बघितलं नाही. उलट एक बाई हळूच येऊन म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटो दिसत नाहीये."

ती सरकली. लगेच सरकली, आपण कोणाच्या वाटेत आलो याची शरम वाटल्यासारखी.

परत येताना मी परभणी येईपर्यंत शिव्या घालत होतो. त्या शेंडीवाल्याला, त्या बाईला, पोराला. ती खिडकीबाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "बरं झालं, कोणी वळखलं न्हाई." मला वाटलं, मनाला लागलंय तिच्या, म्हणून असं बोलायली. मी आणखी दोन शिव्या घातल्या.

गेल्या साली ह्याच दिवसांत ती गेली. दुसरी वेचणी चालू होती. बांधावर बसली, छातीत कळ आली म्हणाली, परभणीला नेलं, परत आणली ती पांढऱ्या कपड्यात. तिचा तास अर्धा राहिला होता. बायांनी विचारलं, पुरा करू का. मी म्हणालो, करा, कापूस काय रडत बसणार हाय का. त्यांनी वेचला. मी मुद्दाम तिकडं बघितलं नाही.

मग फोटो लागला. आमच्याकडं दहाव्याला माणसाचा फोटो लागतोच, आणि तोच पुढं भिंतीवर चढतो. समोरून काढलेला, दोन्ही डोळे आपल्याकडं, कपाळाला कुंकू, वर हार. कोणाच्या घरी गेलात तर आधी भिंतीकडं बघायचं, घरातलं कोण गेलंय ते समजून घ्यायचं, मग पाणी प्यायचं. त्याशिवाय बोलायला सुरुवातच होत नाही. बालाजीला म्हणालो, काढ एखादा. त्यानं कॉम्प्युटर उघडला. हजारांनी निघाली ती त्यात. पाठ, हात, टाच, भिंतीवर पडलेली सावली, चुलीपुढचा खांदा, नुसता पदर वाऱ्यावर. मी बघत बसलो. एका बाईचे एवढे तुकडे मी कधी बघितले नव्हते. तोंड एकातही नाही. आमच्या लग्नाला फोटोवाला नव्हता. पोरीच्या, मंगलच्या लग्नात ती स्वयंपाकातून बाहेर आली नाही, आणि एकाच फोटोत सापडली ती तोंडाला पदर लावून.

राहिलं आधार कार्ड. मंगल ते घेऊन पालमला गेली, सोबत मी. स्टुडिओवाल्यानं कार्डावरचं तोंड कॉम्प्युटरवर मोठं केलं. ओठ गच्च मिटलेले, बटव्याची नाडी ओढावी तसे. ते का, हे मला माहीत होतं. खूप आधी एका गोऱ्ह्याला कडबा टाकताना त्यानं मान झटकली आणि शिंग तिच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात गेले. गंगाखेडला जाऊन कवळी आणली, तर ती घालून बोलली की दुसरीच कोणी बाई बोलल्यासारखी वाटायची. तिनं ती डब्यात ठेवून दिली. तेव्हापासून हसताना पदर.

स्टुडिओवाल्याकडं तयार अंगं होती. नुसती अंगं, मुंडकी नसलेली. त्यानं विचारलं, पैठणी लावू का नारायणपेठ. मंगलनं पोपटी पैठणी धरली. त्यानं तिचं तोंड उचलून त्या अंगावर ठेवलं. गोरे, भरलेले हात, कोपरापर्यंत बांगड्या, मागं गुलाबाचा ताटवा आणि काचेचं झुंबर. मी म्हणालो, गळा जमेना की हो. तो म्हणाला, काका, हार आला की झाकतंय ते. असा हा दुसरा कलावंत. एकानं तोंड काढून घेतलं, दुसऱ्यानं अंग. दोघांनाही आपापल्या कामाचा अभिमान.

तो फोटो भिंतीवर चढला. दहाव्याला बाया आल्या, वर बघितलं, आणि एकीला मोकळं रडू येईना. त्या पैठणीवालीपुढं कशा रडणार. मी वर्षभर तिच्यासमोर जेवलो. परक्या बाईसंगं एका खोलीत राहायचं हे वय आहे का माझं.

बालाजीनं तेव्हा टेम्पोतून आपला मोठा फोटो आणला होता, काचेच्या चौकटीत. म्हणाला, हा लावू. भावकी बसलेली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाठ दाखवणाऱ्या बाईच्या गळ्यात हार कसा घालायचा, तू शिकला-सवरलेला हायस, तूच सांग." भावकी खाली मान घालून हसली. त्यानं चौकट गोधडीत गुंडाळून दाराआड उभी केली. झाडलोट करताना दर वेळी ती सरकवावी लागायची आणि दर वेळी माझ्या तोंडात शिवी यायची.

आता वर्षश्राद्ध आलं. मोटारवाले येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बालाजी आला. ओसरीवर चहा घेत बसलो. त्याला मी सगळं सांगितलं, तुझी पिलावळ येऊन गेली, बायांना पाठी फिरवायला लावत होती, माझीही पाठ घेऊन गेली. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, नक्कल करायलेत ते, त्यांना काय कळत न्हाई. मला ते आणखीनच झोंबलं. जसं काय ह्याला फार कळतं. वर्षभर जे पोटात होतं ते मी बोललो.

"तुला मायच्या तोंडाची लाज वाटली. म्हणून तू लोकांला पाठ दाखवलीस. चार पैसेवाले लोक बघणार, त्यांच्यापुढं असली बोळकी माय कशाला. आणि वर म्हणं कला."

त्यानं कप खाली ठेवला. खालीच बघत म्हणाला, "मला न्हवती वाटत, दादा. तिला वाटायची."

 मग तो सांगत गेला, थांबत थांबत. त्या साली पहिल्याच दिवशी त्यानं तिचा समोरून फोटो काढला होता. रुक्मीण काहीतरी बोलली, माय हसली, हातात कापूस होता म्हणून पदर धरायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात यानं काढला. फट दिसत होती, सगळं दिसत होतं. त्याच्यासारखा फोटो मला पुन्हा साधला न्हाई, असं तो म्हणाला. आनंदानं पळत जाऊन त्यानं तो कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिला दाखवला. तिनं बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, हे पूस. माझ्यासमोर पूस.

"आन तू पुसलास?"

"पुसला. मग ती म्हणली, पाठ काढ किती काढायची ती. पाठीला दात न्हाईत."

चहावर साय धरली होती. बैलांनी कडबा ओढल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, मग पुण्याच्या त्या दीडशहाण्यांना का नाही सांगितलं. ते काय काय बरळत होते, श्रम काय, नाकारलेली काय. तू शेजारी उभा राहून मान हलवत होतास.

"सांगितलं असतं तर सगळे तिच्या पाठीवर बी दातच बघायला लागले असते. त्यांना जे म्हणायचं ते म्हणू दिलं. माय तिथंच उभी व्हती, दादा."

"येड्या, न पुसता पुसलं म्हणायचं व्हतं."

"ती बघत व्हती."

मग मी उठून गोठ्यात गेलो. तिथं काही काम नव्हतं. तिला लाज वाटते हे मला माहीत होतं, घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. इतकी वाटते, की आपलं हसणारं तोंड एकदा बघून तिनं ते पुसायला लावावं, हे माहीत नव्हतं. तिला बाजूला सरकवणारी ती पुण्याची बाई मला आठवली, आणि सरकताना ही हलकी होऊन सरकली होती तेही आता नीट दिसलं. एवढे लोक तिला बघायला आले आणि एकाला तिचं तोंड सापडलं नाही. खिडकीबाहेर बघत जे बोलली ते खरंच समाधानानं बोलली होती. शेंडीवाला अजून तेच सांगत असेल कुठंतरी, मान वाकडी केलेल्या लोकांना. त्याला सांगा, कोणी कोणाचं काही नाकारलं नव्हतं. एका बाईला पुढचे दोन दात नव्हते, आणि एका पोरानं ते झाकून ठेवलं.

बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, ती चौकट काढ. मोठा खिळा आण.

मंगलनं घर डोक्यावर घेतलं. दादा, आज वर्षाचा दिवस, लोक काय म्हणतील, तोंड नको का. मी म्हणालो, ती पोपटी बाई तुझ्या घरी ने, साडी तूच निवडलीस. ती रडली आणि खरंच घेऊन गेली. त्या फोटोत तोंड तरी मायचं आहे, म्हणाली. ते तिचं बरोबर आहे. मी वाद घातला नाही.

फोटो लागल्यावर भिंत सगळी व्यापली. बालाजी हार हातात धरून उभा होता, कुठं घालू विचारत होता. इतकी वर्षं उजेड मोजणाऱ्या माणसाला हार घालायची जागा सापडत नव्हती. मी म्हणालो, हार नको. फोटो चांगला आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. लुगडं जांभळं होतं.

दुपारी लोक जेवायला आले. दारातून आत आले की रीतीप्रमाणं आधी भिंतीकडं बघत होते, आणि अडखळत होते. पाण्याचे तांबे तसेच हातात राहिले. पोखर्णीचे एक पाहुणे, वयानं माझ्याहून मोठे, तिच्या माहेरकडचे, चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "आवो, हिचं तोंड कुठंय?"

मी म्हणालो, "तिकडं हाय, कापसाकडं. कामात हाय. हाक मारू नका."